पडलेला दात टाकायचा कुठे? कवेलू, उंदीरमामा आणि घरोघरच्या रीती

रानबोर

नागपुरात कवेलूची घरं झपाट्यानं कमी होऊन राहिली आहेत. महाल, इतवारीकडे अजून थोडी शिल्लक आहेत, पण बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडे जिकडे पाहावं तिकडे इमारतीच. पहिली-दुसरीतल्या पोरांच्या आया भेटल्या की एक प्रश्न हमखास निघतो: दात पडला, आता टाकायचा कुठे? फ्लॅटला छप्पर नाही, गच्चीला कुलूप, आणि उंदराचं बीळ तर सोसायटीत कुणालाच नको. मग दात कागदात गुंडाळून कचऱ्यात जातो, नाहीतर उशीखाली जातो आणि सकाळी तिथे पन्नासची नोट सापडते.

उशीखालचा दात नेऊन पैसे ठेवणाऱ्या इंग्रजी गोष्टीतल्या परीवर माझा राग नाही. पण आपल्याकडच्या रीतीत मला एक मोलाची गोष्ट दिसते आणि ती हरवू नये असं मनापासून वाटतं. आपल्याकडे दाताच्या बदल्यात दातच मिळतो. पोर स्वतःच्या हातानं दात फेकतं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून मागतं,

उंदीरमामा, उंदीरमामा,
माझा दात तू घे,
तुझा दात मला दे!

आणि मग वाट पाहतं. रोज आरशासमोर ओठ ओढून हिरडी बघतं. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, तिथे पांढरी दातेरी कड दिसते तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं की हे आपण मागितलं होतं आणि ते आलं.

मला तुमच्या घरच्या रीती हव्या आहेत. छपरावर, बिळात, तुळशीत, कुठे टाकत होते? वरच्या आणि खालच्या दाताची रीत वेगळी होती का? सोबत काय म्हणायचे? काय करायचं नाही असं सांगायचे? बारीकसारीक सगळं लिहा. आमच्याकडच्या आजी-आबाजींची पिढी हे सगळं सोबत घेऊन चालली आहे.

महालकर

फार चांगला विषय घेतला ताई.

आमचं घर महालात, बडकस चौकाजवळच्या गल्लीत. वर नळीचे कवेलू, मंगलोरी नाही. या विषयात हा फरक मोठा आहे. मंगलोरी कवेलू चपटे, त्यावर दात टाकला की घरंगळून खाली येतो. कुंभारानं घडवलेले नळीचे कवेलू एक उताणा, एक पालथा असे बसवतात. मधे पन्हाळ तयार होते आणि दात तिच्यात अडकून राहतो.

आमच्याकडे दात आधी शेणात घालायचा. बोराएवढी शेणाची गोळी, तिच्या पोटात दात. मग अंगणात छपराकडे पाठ करून उभं राहायचं आणि डोक्यावरून मागे फेकायची. कुठे पडली ते वळून पाहायचं नाही. खाली आली तर मोठं माणूस उचलून पुन्हा हातात देई, बोलणं काही नाही. दिवेलागणीनंतर दात पडला तर त्या रात्री तो देवळीत वाटीखाली राही आणि सकाळी अंघोळ झाल्यावर फेकायचा.

मृगाच्या आधी कवेलू फेरायला माणसं येत. फुटके काढायचे, सरकलेले नीट बसवायचे. ते वर चढले की आम्ही पोरं खाली मान वर करून उभी, कारण कवेलूंतून जे निघे ते खाली येई: गोट्या, भवऱ्याची आर, पतंगाच्या कामट्या, चिमण्यांनी आणलेलं गवत. दात मात्र ते टाकत नसत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं एकदा शिडीवर बसून तळहात पुढे केला आणि मला दाखवला. पिवळट पडलेला, एका बाजूला वाळक्या शेणाची खपली चिकटलेली. माझा की माझ्या चुलतभावाचा, कोण सांगणार. मी म्हटलं, द्या ना. तो म्हणाला, "हा देऊन झालेला आहे बाबू, दिलेलं मागे नाही घेत." आणि होता तिथेच कवेलूखाली सरकवला.

वाडा आता पडला. पण दातांची गोष्ट निघाली की मला तो तळहात दिसतो.

मृगबहार

काटोलकडचा आहे मी. आमच्या गावात छपरावर कोनी टाकत नसे. बीळ शोधाचं. कोठ्यात, कडब्याच्या गंजीखाली, नाहीतर वावराच्या धुऱ्यावर. दात मायच्या हाती द्याचा नाई, आपनच नेऊन टाकाचा. टाकला का वरून थोडीशी माती लोटाची आन् म्हनाचं, "उंदरा उंदरा, मोतीदात दे." छपराचा दात दुसरा कोनी घेऊन जाते, बिळातला त्यालेच भेटते, असं आजी सांगे.

एक गोष्ट मले लहानपनी समजत नसे. ज्या उंदरानं जवारी खाल्ली म्हनून बाबा दिवसभर शिव्या देत, त्याच्याच बिळापाशी संध्याकाळी मले हात जोडून उभं करत. आजीले विचारलं तर म्हने, "अरे, जवारीचं कनीस कुरतडते म्हंजे दात कसे असन त्याचे! मागाचं तर त्यालेच मागाचं." मले तवाच पटलं.

मेडिकल_चौक

मृगबहार भाऊ, तुमच्या आजींना शाळेतलं प्राणिशास्त्र शिकवायची गरज नव्हती. मी दातांची डॉक्टर आहे, मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकले. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला इनॅमल, म्हणजे दाताचं कडक कवच, असतं, मागची बाजू त्यामानानं मऊ, त्यामुळे कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप लागत राहते. कुरतडायला काही मिळालं नाही तर दात इतके वाढतात की त्याला खाता येत नाही. न संपणारे दात असलेला घरातला एकच प्राणी, आणि मागणं त्याच्याकडेच. ही निवड कुणीतरी नीट पाहून केलेली आहे.

आता पोरांच्या दाताबद्दल. पालक पडलेला दात घेऊन येतात आणि घाबरून विचारतात, मूळ कुठे आहे, आत तुटून राहिलं का? नाही. खालून पक्का दात वर सरकू लागला की शरीरातल्याच काही पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. शेवटी वरची टोपी तेवढी हिरडीला धरून राहते, तीच लुकलुकते आणि पडते. म्हणून हातात येतो तो पोकळ, बुटका दात.

दुधाचे दात एकूण २०. साधारण सहाव्या वर्षी खालचे मधले दोन आधी पडतात आणि शेवटची दुधाची दाढ जाते ती बाराव्या वर्षाच्या आसपास. एखादं वर्ष पुढेमागे होणं अगदी साधं आहे. आणि रानबोर ताईंनी लिहिलेली दातेरी कड खरीच असते. नव्या पुढच्या दाताला तीन बारीक उंचवटे असतात, वापरानं ते झिजून कड सरळ होते.

बंगई

आमच्याकडे वर-खालची रीत वेगळी होती. खालचा दात छपरावर, वरचा तुळशीच्या मुळाशी. आत्या सांगायची, खालच्या दाताला वर वाढायचं असतं म्हणून वर फेकायचा, वरच्याला खाली यायचं असतं म्हणून मातीत. मला हे फक्त आमच्या घरचं वाटायचं. मग कळलं की जपानात हुबेहूब हीच रीत आहे. खालचा दात छपरावर, वरचा घराच्या जमिनीखाली, म्हणजे नवा दात सरळ त्या दिशेनं वाढेल. कोरियात छपरावर टाकतात आणि मॅगपाय नावाच्या पक्ष्याकडे मागतात. स्पेनमध्ये तर उंदीरच आहे, रातोन्सितो पेरेस त्याचं नाव. १८९४ च्या सुमारास आठ वर्षांच्या राजा आल्फोन्सो तेराव्याचा दात पडला तेव्हा लुइस कोलोमा या पाद्र्यानं त्याच्यासाठी या उंदराची गोष्ट लिहिली. माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर त्या उंदराच्या नावाची पाटी लावलेली आहे. फ्रान्समध्येही उशीखालचा दात न्यायला छोटी उंदरीण येते.

पैसे ठेवणारी इंग्रजी परी फार उशिरा आली. तिचा छापील उल्लेख १९०८ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रात सापडतो, त्याआधीचा कुणाला मिळालेला नाही. तिच्या कितीतरी आधीपासून उंदीर हे काम करत आला आहे.

तर्रीपोहे

सगळं वाचायला गोड आहे, पण मला एक विचारायचं आहे आणि ते भांडणासाठी नाही. आपण हे पुढच्या पिढीला द्यावं का? माझ्या लहानपणी या रीतींसोबत भीतीसुद्धा भरपूर मिळाली. दात कावळ्यानं पाहिला तर नवा काळा येतो. कुणी ओलांडला तर येतच नाही. खिंडीत जीभ घातली तर वाकडा येतो. मी महिनोन् महिने तोंड मिटून हसायचो, घरातल्या प्रत्येक फोटोत. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायची आणि मी खिंड दिसेल म्हणून मान खाली घालून. पोराला उंदीरमामा सांगितला की कावळाही मागोमाग येतोच. मी घरी दोन्ही बंद केले आहेत.

रानबोर

तर्रीपोहे भाऊ, प्रश्न अगदी रास्त आहे आणि धागा काढताना माझ्याही मनात तोच होता. माझं उत्तर असं की यातलं मागणं ठेवायचं आणि धमकी सोडायची. उंदीरमामाला ओरडून मागताना पोराला काहीतरी मिळतं: आपल्या अंगातला एक तुकडा गळून पडला तरी घाबरायचं कारण नाही, याची खात्री. सहा वर्षांच्या जिवाला ती फार लागते. तोंडातून रक्त येतं, बोलताना फुस्स होतं, शाळेत बोळक्या म्हणून चिडवतात. अशा वेळी सगळं घर अंगणात जमतं आणि दात फेकायचा सोहळा होतो, याची किंमत मी कमी लेखणार नाही. कावळा, ओलांडणं, वाकडा दात हे त्याला नंतर चिकटलेलं आहे. ते काढून टाकलं तर मूळच्या रीतीचं काहीच बिघडत नाही, उलट ती मोकळी होते.

जिभेचं तेवढं डॉक्टर ताईंना विचारते.

मेडिकल_चौक

खिंडीत जीभ जाणारच, तोंडात नवीन मोकळी जागा झाली की सगळीच पोरं चाचपून बघतात. त्यानं दात वाकडा येत नाही. वर्षानुवर्षं गिळताना जीभ दातांवर रेटायची सवय किंवा अंगठा चोखायची सवय असेल तर पुढचे दात पुढे येऊ शकतात, पण ती वेगळी गोष्ट.

आणि वरचे पुढचे दोन दात येतात तेव्हा मधे फट असते, थोडे बाहेर फाकलेले दिसतात. आजीबाई म्हणतात, जीभ लावली म्हणून. बहुतेक पोरांत बाराव्या वर्षाच्या आसपास सुळे खाली आले की ही फट आपोआप भरते. तोवर तार लावायची घाई नको.

कापूसबोंड

कावळ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, लग्नानंतर नागपूरला. आमच्या गावात पोरांचे नवे दात येतानाच पिवळे, तपकिरी, आडव्या रेघांचे येत. अर्ध्याअधिक वर्गाचे तसेच. सगळे म्हणत, कावळ्यानं पाहिला. मुलींना तर फार बोलून घ्यावं लागे, लग्न ठरवताना सुद्धा दात बघत. माझी मैत्रीण तोंडावर पदर धरूनच बोलायची आणि तिची आई स्वतःला दोष देई, की दात फेकला तेव्हा आपण नीट झाकला नाही.

कारण बोअरिंगचं पाणी होतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या आणि नागपूर जिल्ह्यातल्याही काही गावांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात ती पहिली आठ वर्षं पोर जे पाणी पितं, त्याचा डाग दातावर कायमचा राहतो. म्हणून दुधाचे दात बरेचदा स्वच्छ आणि मागून येणारे डागाळलेले, आणि म्हणूनच लोकांना वाटे की पडण्या-फेकण्यातच काहीतरी चुकलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. त्यापुढे गेलं की आधी दात सांगतात, फार वाढलं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं सांगतात.

तुमच्या ओळखीत खेड्यावर लहान पोरं असतील आणि गावात डागाळ दातांची पोरं जास्त दिसत असतील तर कृपा करून पाणी तपासून घ्यायला सांगा. कावळ्याच्या नावावर एका पिढीचं हसू गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर्रीपोहे

कापूसबोंड ताई, हे वाचून अंगावर काटा आला. हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहाल का? फार लोकांपर्यंत जायला पाहिजे.

सांदवाडी

पडणाऱ्या दातांसारखंच येणाऱ्या दातांचंही बघा. आमच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे बाळाला वरचे दात आधी आले तर मामाला जड म्हणतात. मग मामानं यायचं, बाळाला चांदीची वाटी द्यायची, आपला आणि बाळाचा चेहरा एकत्र तेलात पाहायचा, तेल देवळात ठेवायचं. माझ्या पुतणीला वरचे आधी आले. त्याच महिन्यात तिच्या मामाची गाडी घसरून पाय मोडला. आठ महिन्यांचं लेकरू ते, रांगत होतं, आणि घरातली मोठी माणसं तिच्याकडे बोट दाखवून बोलली. तिची आई, म्हणजे माझी जाऊ, पंधरवडाभर जेवली नाही नीट. मामा मात्र काठी टेकत आला, भाचीला मांडीवर घेतलं आणि तेल-बिल बाजूला सारून तिच्या हिरडीवरून बोट फिरवत बसला. म्हणाला, "दात आले तर वाटी माझीच, पाय मोडला तो गिट्टीमुळे."

वाटी ठेवावी, मामा यावा. जड-बिड मात्र कुणी तोंडातून काढू नये असं मला फार वाटतं.

मेडिकल_चौक

सांदवाडी ताई, तुमच्या जाऊबाईंना सांगा, बहुतेक बाळांना खालचे आधी येतात, काहींना वरचे. एवढंच. दोन-तीन हजारांत एखादं बाळ तर दात घेऊनच जन्माला येतं. तो फार हलत असेल किंवा दूध पिताना आईला, बाळाला जखम होत असेल तर दाखवायचा, नाहीतर काही करायचं नसतं.

आणि याच वयाबद्दल, दात येताना जुलाब होतातच म्हणून घरी बसू नका. त्या महिन्यांत बाळ दिसेल ते तोंडात घालतं, त्यातून पोट बिघडतं. जुलाब झाले तर ओआरएस द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडलं तर लगेच दवाखाना. "दाताचे आहेत, जातील" या एका वाक्यानं उशीर झालेली लेकरं मी शिकताना वॉर्डात पाहिली आहेत.

आता मला तुम्हा सगळ्यांना एक मागायचं आहे, म्हणून जरा मोठं लिहिते.

आपल्याकडे पडणाऱ्या प्रत्येक दाताची रीत आहे. पण एक दात असा आहे की तो काहीही न पाडता येतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, जबड्याच्या चारी कोपऱ्यांत एकेक पक्की दाढ येते. तिच्या जागी आधी काही नसतं, त्यामुळे काही पडत नाही, रक्त येत नाही, पोरगं ओरडत नाही, अंगणात कुणी जमत नाही. घरात कुणाला पत्ताच लागत नाही. पुढे ती किडते तेव्हा आई म्हणते, "दुधाची आहे ना, पडेलच." ती पडणार नसते. तीच दाढ पोराला म्हातारपणापर्यंत पुरायची असते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात बिस्किट-चॉकलेट अडकतं, आणि आल्यापासून दोन-तीन वर्षांत पोखरलेली दाढ माझ्याकडे येते. खाचा किड लागायच्या आधी भरून घेता येतात, दुखत नाही, सुई लागत नाही. पण त्यासाठी दाढ आलेली कळायला हवी.

म्हणून मागणं असं: पहिला खालचा दात पडला, उंदीरमामाला दिला, की त्याच दिवशी बॅटरी घेऊन पोराच्या तोंडात मागे बघा. दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमारास होतात. आणि पुढचं वर्षभर दर महिन्याला बघत राहा. ही नवी रीत आपण सगळ्यांनी सुरू करावी. उंदीरमामा न मागता चार दाढा देऊन जातो, असं सांगा पोरांना.

दुधाच्या दाढा किडल्या तरी त्यांचीही हयगय नको. त्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत जागा धरून बसतात. आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्याला जागा उरत नाही.

महालकर

"न मागता चार दाढा देतो." डॉक्टर ताई, हे आजच नातवाला सांगतो. संध्याकाळी बॅटरी लावून बघतो पण.

बंगई

दात फेकायचा की ठेवायचा हा आमच्या घरात सध्या वाद आहे. मुलीला सगळे दात डबीत ठेवायचे आहेत. मी थोडं वाचलं त्यावर. दुधाच्या दातांचं घडणं आईच्या पोटातच, चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं. जन्माच्या वेळी इनॅमलमध्ये एक बारीक रेघ उमटते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रेघेच्या अलीकडचं पोटातलं, पलीकडचं जन्मानंतरचं. ते वाचल्यापासून पोरीचा दात हातात घेतला की वेगळंच वाटतं मला, त्याचा शेंडा माझ्या आत घडला आहे.

अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८ पासून पोरांचे पडलेले दात गोळा केले होते, तीन लाखांच्या वर. अणुचाचण्यांतून उडालेलं स्ट्राँशियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून पोरांच्या दातांत उतरत होतं, ते त्या दातांत मोजलं. पोरं दात पाठवत आणि त्यांना बिल्ला मिळे, "मी माझा दात विज्ञानाला दिला." हवेतल्या चाचण्या थांबवणारा करार १९६३ मध्ये झाला, त्यामागच्या जनमतात या दातांचाही वाटा होता.

दात ठेवा म्हणून कंपन्याही मागे लागतात, त्यातल्या मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात त्या, साठवायच्या म्हणून. डॉक्टर ताई, त्याचं काय?

मेडिकल_चौक

पैसे घालू नका. दुधाच्या दाताच्या गाभ्यात मूळपेशी असतात हे २००३ मध्ये दाखवलं गेलं, ते खरं आहे. पण २०१७ च्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत साठवणुकीची मुभा फक्त नाळेच्या रक्ताला आहे, दाताला नाही. डबीत ठेवायचा तर धुऊन, पुसून, कोरडा करून प्रेमानं ठेवा.

रानबोर

बंगई ताई, एक दात उंदीरमामाला, एक मुलीच्या डबीत, असं करता येईल. पहिला द्यायचा तेवढा द्यावा.

फ्लॅटवाल्यांसाठी आतापर्यंत जे सुचलं ते: कुंडीतली तुळस सगळ्यांत सोपी. सोसायटीच्या बागेत झाडाच्या बुंध्याशी छोटा खड्डा. गावी किंवा माहेरी जाणार असाल तर दात तोवर हळदीकुंकवाच्या डबीत राहू द्या. अंबाझरी, फुटाळ्याच्या पाण्यात वगैरे टाकू नका, पाण्याची रीत कुठेच ऐकली नाही मी. कुठेही टाका, पण पोराच्या हातानं टाका आणि मागणं मोठ्यानं म्हणू द्या, शेजारी काय म्हणतील म्हणून पुटपुटायला लावू नका.

चौथा_मजला

सगळा धागा वाचला, आज पहिल्यांदाच लिहितेय. दोन अडचणी आहेत. एक, मुलाचा खालचा पक्का दात दुधाच्या दाताच्या मागून आला आहे आणि जुना अजून पडला नाही. दोन ओळी दिसतात. सासूबाई दोऱ्यानं बांधून दाराला लावायचं म्हणत आहेत. दुसरं, त्याच्या शेजारचा दात काल भुट्टा खाताना पडला आणि त्यानं तो गिळला. रडून रडून हैराण आहे, म्हणतो आता उंदीरमामा दात देणार नाही. काय करू?

मेडिकल_चौक

गिळलेल्याची काळजी नको. ठसका, खोकला, श्वासाला त्रास असं काही झालं नसेल तर तो पोटात गेला आणि एक-दोन दिवसांत बाहेर पडेल. शोधत बसू नका.

दोन ओळी खालच्या पुढच्या दातांत नेहमी दिसतात. जुना हलत असेल तर त्याला रोज जिभेनं, धुतलेल्या बोटानं हलवू द्या, गाजर, पेरू चावू द्या. तो पडला की जीभच नव्याला पुढे ढकलते. जुना अजिबात हलत नसेल आणि नवा बराच वर आला असेल तर दाखवून घ्या, काढायला दोन मिनिटं लागतात. दोरा आणि दार नको. अर्धवट सुटलेला दात ओढला की हिरडी फाटते आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे पोर पुढे कुणालाच तोंडात हात घालू देत नाही.

जाता जाता आणखी एक. पडून किंवा मार लागून पक्का दात मुळासकट निघाला तर त्याला मुळाकडून धरू नका, घासू नका. पाण्याखाली क्षणभर धरून जागच्या जागी बसवा, जमलं नाही तर दुधात टाका आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पोचा. तो वाचू शकतो. दुधाचा दात मात्र असा परत बसवायचा नसतो.

मृगबहार

वयनी, पोराले रडू देऊ नका. आमच्या गावात गिळलेल्या दाताची रीत हाय. दाताच्या बदल्यात जवारीचा दाना घ्याचा, पोराच्या हाती द्याचा आन् सांगाचं का हा तुया दात. मंग तोच बिळात टाकाचा. मागनं तेच. माया भावानं दोन दात गिळले व्हते, दोनी खेपेस जवारी गेली, आज बत्तीसच्या बत्तीस हायेत त्याचे.

चौथा_मजला

भाऊ, खूप आधार दिलात. घरात ज्वारी नाही, दळलेलं पीठच आणतो आम्ही. गहू चालेल का?

मृगबहार

चालन ना. दाना तेवढा अख्खा पाह्यजे, किडका नको.